सण, दिनविशेष आणि सामाजिक प्रश्न: इंग्रजीच्या तासाला कसे शिकवावे

हॅलोवीनला मुखवटे कापायचे, ख्रिसमसला शब्दकोडे सोडवायचे आणि महिला दिनाला फळ्यावर एक घोषवाक्य लिहायचे, एवढ्यावर इंग्रजीच्या तासातले सण बहुधा आटोपतात. गरिबी, भेदभाव, पर्यावरण हे विषय मग 'चर्चेचा तास' म्हणून वेगळे येतात. शिक्षक वीस मिनिटे बोलतात, चार धीट विद्यार्थी उत्तरे देतात आणि बाकीचे वहीत बघत बसतात. सणाच्या तासात बोलण्यासारखे काही नसते आणि चर्चेच्या तासात बोलायला शब्द नसतात.

म्हणून हे दोन्ही एकत्र शिकवावेत. सणाकडे तारीख, वस्तू, रंग, घडलेली गोष्ट असते, म्हणजे कच्च्या विद्यार्थ्यालाही पेलतील असे ठोस शब्द असतात. सामाजिक प्रश्नाकडे मत आणि कारण असते, म्हणजे तोंड उघडण्याची खरी गरज असते. जवळजवळ प्रत्येक दिनविशेषाच्या मुळाशी कुणाची तरी तक्रार, मागणी किंवा लढा असतो. तो शोधून काढला की निम्मी तयारी झाली.

दिवस कसे निवडावेत

वर्षाला सहा ते आठ दिवस पुरतात. त्याहून जास्त घेतले की प्रत्येक दिवसाला एकच सुटा तास मिळतो आणि शब्द पक्के होण्याआधीच पुढचा दिवस येतो. सहा दिवसांना प्रत्येकी दोन तास देणे केव्हाही चांगले.

निवडताना तीन गोष्टी तपासा. त्या दिवसामागे पाच-सहा वाक्यांत सांगता येईल अशी घटना आहे का? तिच्यातून असा प्रश्न निघतो का, ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' म्हणून संपत नाही? आणि त्या प्रश्नाचे उत्तर देताना एखादी व्याकरणाची रचना आपोआप वापरावी लागते का? तिसरी अट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. ती पाळली नाही तर तास गप्पांचा होतो आणि त्या तासाने भाषेत काय भर घातली हे कुणालाच सांगता येत नाही.

तिन्ही अटींना उतरणारे काही दिवस:

- मार्टिन ल्यूथर किंग दिन, अमेरिका, जानेवारीचा तिसरा सोमवार. राष्ट्रीय सुट्टी म्हणून तो १९८६ पासून पाळला जातो. पूर्वी कुणाला काय करण्याची मुभा नव्हती, हे सांगताना 'वॉझन्ट अलाउड टू' आणि 'हॅड टू' या रचना पुन्हा पुन्हा येतात.
- पिंक शर्ट डे, कॅनडा, फेब्रुवारीचा शेवटचा बुधवार. २००७ मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका शाळेत गुलाबी शर्ट घातला म्हणून एका मुलाला छळले गेले. वरच्या वर्गातल्या दोन मुलांनी गुलाबी शर्ट विकत आणून वाटले आणि शाळेत गुलाबी रंगाची लाट आली. साध्या भूतकाळात गोष्ट सांगायला हा दिवस फार उपयोगी आहे, अगदी सुरुवातीच्या पातळीलाही.
- वसुंधरा दिन, २२ एप्रिल. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा किनाऱ्याजवळ तेलगळती झाली आणि १९७० मध्ये अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. त्यात सुमारे २ कोटी लोक सहभागी झाले. पॅसिव्ह व्हॉइस आणि 'इफ'ची वाक्ये इथे ओढूनताणून आणावी लागत नाहीत.
- जागतिक निर्वासित दिन, २० जून, २००१ पासून. 'हू'ने जोडलेल्या व्याख्या: 'अ रेफ्यूजी इज अ पर्सन हू...'
- स्मृतिदिन, ब्रिटन, ११ नोव्हेंबर. पहिले महायुद्ध १९१८ साली याच तारखेला थांबले. बहुतेक लोक लाल पॉपीचे फूल लावतात, काही जण १९३३ पासून चालत आलेले पांढरे फूल लावतात. लाल फूल युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचे. पांढऱ्या फुलात नागरिकांसह सर्व बळींची आठवण आणि युद्धालाच विरोध आहे. दोन बाजू मांडायला 'व्हाइल' आणि 'व्हेअरअॅज' शिकवण्याची याहून चांगली जागा सापडणे अवघड.

तारखा दरवर्षी कॅलेंडरवरून तपासा. 'तिसरा सोमवार', 'दुसरा रविवार' असे दिवस सरकतात, आणि एकाच नावाचा सण दोन देशांत वेगळ्या दिवशी येतो. थँक्सगिव्हिंग अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी.

आधी एक क्रियापद नीट शिकवा

मराठीत आपण 'साजरा करणे' आणि 'पाळणे' यांत फरक करतो. वाढदिवस साजरा होतो, स्मृतिदिन पाळला जातो. इंग्रजीतही तसाच फरक आहे, पण विद्यार्थ्यांना 'सेलिब्रेट' एवढा एकच शब्द माहीत असतो. मग 'वी सेलिब्रेट वर्ल्ड रेफ्यूजी डे' असे वाक्य येते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की घरदार सुटल्याचा आनंद चालला आहे. पहिल्याच तासाला फळ्यावर चार शब्द मांडा. आनंदाला 'सेलिब्रेट', दिवस पाळण्याला 'ऑब्झर्व्ह', घटनेची किंवा व्यक्तीची आठवण ठेवण्याला 'कमेमोरेट' आणि यांतल्या कशालाही चालेल असा साधा 'मार्क'. मग दहा दिवसांची नावे देऊन कोणत्या दिवसाला कोणते क्रियापद लागेल ते जोड्यांमध्ये ठरवायला सांगा. काही दिवसांवर वर्गात मतभेद होतील. ते होऊ द्या, कारण वाद क्रियापदाचा असला तरी बोलणे त्या दिवसाच्या अर्थाबद्दल चाललेले असते.

याच वेळी शब्दयोगी अव्ययेही उरकून घ्या. तारखेला आणि दिवसाला 'ऑन', महिन्याला 'इन', सणाच्या काळाला 'ॲट': 'ऑन क्रिसमस डे', पण 'ॲट क्रिसमस'. मराठीत तारखेला, दिवसाला आणि सणाला सगळीकडे 'ला' चालतो, म्हणून ही चूक हटता हटत नाही. प्रत्येक नव्या दिनविशेषाच्या सुरुवातीला दोन मिनिटे ती उजळणी करावी.

एक पूर्ण उदाहरण: मदर्स डे

या दिवसात भाषा आणि प्रश्न इतके घट्ट विणलेले आहेत की पहिल्यांदा हा प्रकार करून बघणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

मजकुरात ठेवण्याची माहिती अशी. अॅना जार्व्हिस यांच्या आईने १८५० च्या दशकात आजच्या वेस्ट व्हर्जिनियात मातांची मंडळे काढली. स्वच्छता सुधारावी आणि बालमृत्यू कमी व्हावेत हा त्यांचा हेतू होता. आईच्या निधनानंतर अॅना यांच्या पुढाकाराने १० मे १९०८ रोजी ग्राफ्टन या गावात मदर्स डेचा कार्यक्रम झाला. १९१४ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार अधिकृत केला. पुढे फुले, मिठाई आणि छापील शुभेच्छापत्रे विकणाऱ्यांनी हा दिवस ताब्यात घेतला असे अॅना यांना वाटू लागले, आणि आपणच सुरू केलेल्या दिवसाच्या बाजारीकरणाविरुद्ध त्या उरलेले आयुष्य भांडत राहिल्या. त्यांचा आणखी एक आग्रह होता. नावातला अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधीच हवा, कारण प्रत्येकाने आपल्या एका आईचा मान राखायचा, जगातल्या सगळ्या मातांचा एकत्र समारंभ करायचा नाही.

अपॉस्ट्रॉफीचा नियम इतक्या जिव्हाळ्याने क्वचितच समजावता येतो. एका चिन्हाची जागा बदलली की अर्थ कसा बदलतो, हे इथे एका माणसाच्या आग्रहातून दिसते.

६० मिनिटांच्या तासाची मांडणी अशी करा.

पहिली ५ मिनिटे चित्र. एका बाजूला हाताने लिहिलेले पत्र, दुसऱ्या बाजूला दुकानातल्या छापील कार्डांचा रॅक. शब्द शिकवू नका, फक्त विचारा: 'व्हॉट इज द डिफरन्स?' एकेका शब्दाची उत्तरेही घ्या.

पुढची १० मिनिटे शब्दांची. आठ शब्द पुरेत: फाउंडर, ऑफिशियल, प्रॉफिट, कमर्शियल, प्रोटेस्ट, ऑनर, केअर, अनपेड. प्रत्येक शब्द आधी वाक्यात ऐकवा, मग फळ्यावर लिहा. उलट क्रमाने केले तर विद्यार्थी स्पेलिंगवरून उच्चार ठरवतात आणि तोच धरून बसतात.

नंतर १५ मिनिटे वाचन, पण दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत एकच प्रश्न: अॅना आधी कशासाठी झटल्या आणि नंतर कशाविरुद्ध? दुसऱ्या फेरीत तपशिलाचे चार प्रश्न.

मग १० मिनिटे वाक्यांचे साचे. चर्चेचे यश ठरते ते इथे, आणि घाईत गाळला जातो तो हाच भाग. फळ्यावर तीन पायऱ्या मांडा. मत: 'इन माय व्ह्यू, पीपल शुड...'. कारण: 'द मेन रीझन इज दॅट...'. दुसऱ्याला उत्तर: 'आय सी युवर पॉइंट, बट...'. प्रत्येक साचा सर्वांनी एकदा मोठ्याने म्हणावा आणि एकदा स्वतःच्या शब्दांनी पूर्ण करावा.

१५ मिनिटे चर्चा. प्रश्न एकच ठेवा: घरातल्या माणसांची काळजी घेण्याचे काम बिनपगारी असते. त्याची जाणीव वर्षातून एका दिवसाने होते का, आणि आणखी काय करता येईल? 'मदर्स डे चांगला की वाईट' असा प्रश्न ठेवला तर तीन मिनिटांत सगळे संपते.

शेवटची ५ मिनिटे लेखन. आज वापरलेल्या एका साच्यात दोन वाक्ये कागदावर लिहून बाहेर पडताना द्यायची. पुढच्या तासाची उजळणी याच चिठ्ठ्यांमधून काढा.

एक काळजी आधीच घ्या. वर्गात आई नसलेली, आईपासून दूर राहणारी किंवा दुसऱ्याच कुणी वाढवलेली मुले असतात. म्हणून 'आईला पत्र लिहा' हे काम देऊ नका. 'तुमची काळजी घेणाऱ्या एका व्यक्तीला पत्र' म्हटले की भाषेचा सराव तोच होतो आणि कुणाला मान खाली घालावी लागत नाही. याच कारणाने ख्रिसमसनंतर 'काय भेट मिळाली?' आणि सुट्टीनंतर 'कुठे फिरायला गेलात?' हेही टाळावे. ज्यांच्याकडे उत्तर नसते ते खोटे बोलतात किंवा गप्प बसतात.

मजकूर तयार करताना

बातमी जशीच्या तशी छापून वर्गात वाटू नका. बातमीची वाक्ये लांब असतात, पार्श्वभूमी गृहीत धरलेली असते आणि नावांची गर्दी असते. प्राथमिक पातळीला १५० ते १८० शब्द, मध्यम पातळीला २५० ते ३०० शब्द एवढे ठेवा. आधार न घेता वाचता यावे यासाठी मजकुरातले ९५ ते ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे २०० शब्दांत अनोळखी शब्द चार ते दहा. प्रत्यक्ष मोजा. अंदाज नेहमी आपल्याच बाजूने चुकतो, कारण शिक्षकाला ते सगळे शब्द येत असतात.

सोपे करताना शब्द सोपे करा, माणसे सोपी करू नका. 'गुड लीडर', 'पुअर पीपल', 'बॅड लॉ' असा मजकूर वाचायला सुलभ असतो, पण त्यात विचार करण्यासारखे काही उरत नाही. कायद्याने नेमके काय बंद केले होते, कुणी, कुठे आणि कोणत्या साली, हे साध्या शब्दांतही लिहिता येते. आकडेवारी वापरली तर तिचे वर्ष मजकुरातच लिहा.

शब्दांची निवड हाच विषय

सामाजिक प्रश्नांत शब्द बदलला की माणसाकडे बघण्याची तऱ्हा बदलते, आणि भाषेच्या शिक्षकाइतके हे दुसऱ्या कुणाला सोपेपणाने दाखवता येत नाही. 'द होमलेस' आणि 'पीपल हू आर होमलेस' ही दोन रूपे शेजारी लिहा आणि कोणत्या वाक्यात माणूस आधी दिसतो ते विचारा. अपंगत्वाबद्दल बोलताना ब्रिटनमध्ये अनेक जण 'डिसेबल्ड पीपल' पसंत करतात, कारण अडथळा समाजाने निर्माण केला आहे असे त्यांना सुचवायचे असते. अमेरिकेत 'पीपल विथ डिसॅबिलिटीज' जास्त रूढ आहे. दोन्ही बाजूंचे कारण सांगा. समोरची व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरते तो आपण वापरावा, इतके विद्यार्थ्यांनी उचलले तरी पुष्कळ झाले.

'रेफ्यूजी', 'मायग्रंट' आणि 'इंटर्नली डिस्प्लेस्ड पर्सन' हे तीन शब्द असेच एकत्र द्या. छळाच्या किंवा हिंसेच्या भीतीने देशाची सीमा ओलांडावी लागलेला पहिला. कामासाठी, शिक्षणासाठी किंवा इतर कारणाने जागा बदललेला दुसरा. घर सुटले पण देशातच राहिलेला तिसरा. सहा छोटी काल्पनिक परिचयपत्रे बनवा, प्रत्येकी ४० शब्दांची, आणि कोणाला कोणता शब्द लागेल ते गटात ठरवू द्या. एखादे परिचयपत्र मुद्दाम सीमेवरचे ठेवा.

व्याकरणाच्या अडचणीही इथेच दिसतात. 'द पुअर' अनेकवचनी आहे, त्यामुळे 'द पुअर आर' आणि 'पुअर्स' नाही. 'डिस्कस' नंतर 'अबाउट' लागत नाही, पण 'च्याबद्दल चर्चा' डोक्यात असल्याने तो येतोच. 'मी सहमत आहे' याचे थेट रूपांतर 'आय ॲम अग्री' होते. एकवचनी 'वुमन' आणि अनेकवचनी 'विमिन' यांत लिहिताना फरक दुसऱ्या स्वराचा, ऐकू येतो तो पहिल्या स्वराचा. ८ मार्चच्या आधी हे दोन उच्चार पाच मिनिटे घोटून घ्यावेत, नाहीतर पूर्ण तासभर चुकीचा उच्चार पक्का होत राहतो.

मानवी हक्क दिन: १० डिसेंबर

मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये स्वीकारला गेला. त्यात ३० कलमे आहेत आणि बरीचशी दोनच साच्यांत बसतात: 'एव्हरीवन हॅज द राइट टू...' आणि 'नो वन शॅल बी...'. इंग्रजी शिकणाऱ्यासाठी ही पर्वणी आहे. 'एव्हरीवन' एकवचनी असल्याने 'हॅज' येतो, हा नियम एकाच कागदावर वारंवार वाचायला मिळतो, आणि 'नो वन शॅल बी' मधून पॅसिव्ह व्हॉइस पक्का होतो.

पहिल्या कलमाच्या सुरुवातीच्या मसुद्यात 'ऑल मेन' असे शब्द होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातल्या भारतीय प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हरकत घेतली आणि तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आले. वर्गात हे असे करा: आधी 'ऑल मेन आर बॉर्न फ्री अँड ईक्वल' फळ्यावर लिहा आणि या वाक्यातून कोण बाहेर राहू शकते ते विचारा. विद्यार्थी स्वतः पर्यायी शब्द सुचवतील. नंतर जाहीरनाम्यातले अंतिम वाक्य दाखवा आणि हा बदल कुणामुळे झाला ते सांगा. आपण केलेली दुरुस्ती आणि जगाने स्वीकारलेली दुरुस्ती एकच निघाली, की वर्गाचा चेहरा बदलतो.

त्यानंतर नऊ कलमे सोप्या इंग्रजीत नऊ चिठ्ठ्यांवर द्या. २४ वे कलम विश्रांतीचे आणि २६ वे शिक्षणाचे आहे, ही दोन जरूर घ्या. चौघांच्या गटाने त्या पतंगाच्या आकारात लावायच्या: वर १, खाली २, मग ३, पुन्हा २ आणि शेवटी १. सर्वांत महत्त्वाची वर. पहिल्या क्रमांकावर एकमत होणार नाही, आणि 'मोअर इम्पॉर्टंट दॅन', 'विदाउट धिस, वी कान्ट...' या रचना त्या भांडणात आपसूक वापरल्या जातात. जाहीरनाम्याचे भाषांतर ५०० हून अधिक भाषांत झाले आहे, त्यामुळे मातृभाषेतले कलम शेजारी ठेवून तुलनाही करता येते.

एकाच दिवसाच्या दोन बाजू

अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग वर्गात साधारणपणे १६२१ च्या मेजवानीची गोड गोष्ट म्हणून येतो. १९७० पासून काही मूलनिवासी लोक त्याच गुरुवारी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ येथे जमून तो 'राष्ट्रीय शोकदिन' म्हणून पाळतात. वसाहतींबरोबर आलेली जमिनीची लूट आणि माणसांचा संहार यांची ती आठवण आहे. ऑस्ट्रेलियातही २६ जानेवारी हा काहींचा राष्ट्रीय सण आणि काहींचा शोकदिन आहे. तिथल्या मूलनिवासींनी १९३८ मध्येच सिडनीत त्या दिवशी शोकदिन पाळला होता.

अशा दिवसांना जिगसॉ पद्धत वापरा. ही पद्धत एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात तयार केली. वेगवेगळ्या वंशांची मुले एकाच वर्गात येऊ लागल्यावर वाढलेला वैरभाव कमी करणे हा तिचा हेतू होता, म्हणजे पद्धतच सामाजिक प्रश्नातून जन्मली आहे. मजकुराचे चार तुकडे करा, प्रत्येकी ७० ते ८० शब्दांचे. चौघांच्या मूळ गटात प्रत्येकाला वेगळा तुकडा. मग समान तुकडा मिळालेले विद्यार्थी एकत्र बसून ८ मिनिटांत अर्थ पक्का करतात आणि सांगण्यासाठी तीन वाक्ये तयार करतात. पुन्हा मूळ गटात येऊन प्रत्येकाने आपला तुकडा न वाचता सांगायचा. कागद उलटे ठेवायला लावा, नाहीतर सगळे वाचूनच दाखवतात. चारांच्या पटीत विद्यार्थी नसतील तर उरलेल्यांना जोडीने एक तुकडा द्या. पाचवा तुकडा बनवू नका.

शेवटी पुरी गोष्ट सांगायला लावेल असा एक प्रश्न ठेवा, ज्याचे उत्तर चारही तुकडे मिळाल्याशिवाय देता येत नाही. तो नसेल तर दुसऱ्याचे ऐकण्याचे कारणच उरत नाही.

चर्चा कुठे बिघडते

विद्यार्थी गप्प असतील तर बहुधा विचार करायला वेळ मिळालेला नसतो. आधी एकट्याने दोन मिनिटे टिपणे, मग जोडीत तीन मिनिटे, मग चौघांत पाच मिनिटे, आणि त्यानंतरच सगळ्या वर्गासमोर. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना वाक्य सुटसुटीत झालेले असते आणि भीती गेलेली असते.

चर्चा मातृभाषेत घसरली तर ती जोमात आहे एवढाच अर्थ घ्या. रागावण्याऐवजी घसरण्याचे ठिकाण टिपा: कोणता शब्द हवा होता? फळ्याच्या एका कोपऱ्यात ती यादी करा आणि पुढच्या फेरीआधी द्या.

माणसांचे अस्तित्व किंवा समान हक्क हा वादविवादाचा विषय कधीही करू नका. 'निर्वासितांना येऊ द्यावे की नाही' यावर दोन बाजू पाडल्या, तर वर्गातल्या एखाद्याला स्वतःविरुद्ध बोललेले निमूट ऐकावे लागते. प्रश्न उपायांवर न्या: नव्या ठिकाणी आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात शाळेने काय द्यावे? मतभेद भरपूर होतात आणि कुणाची जखम उघडी पडत नाही.

कुणालाही त्याच्या समाजाचा प्रवक्ता करू नका. 'तू सांग, तुमच्यात कसे असते?' हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी तो विद्यार्थी एकटा पडतो. काल्पनिक पात्र द्या आणि सगळे त्याच्याबद्दल बोला. ज्याला स्वतःचे सांगायचे असेल तो आपण होऊन सांगेल. 'आय'ड लाइक टू पास' हे वाक्य पहिल्याच दिवशी शिकवा, आणि कुणी ते वापरले तर कारण विचारू नका.

अशा तासांत कधी एखादे मूल घरच्या मारहाणीबद्दल किंवा छळाबद्दल लिहून जाते. त्या कागदावर व्याकरणाच्या चुका काढून परत देऊ नका. 'हे कुणालाही सांगणार नाही' असे वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. शांतपणे ऐका, मुलाने विश्वास टाकला याबद्दल आभार माना, आणि संस्थेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी कळवा.

दयेचा सूर हा आणखी एक खड्डा. सगळी चित्रे रडणाऱ्या चेहऱ्यांची असतील तर विद्यार्थ्यांच्या वाक्यांत 'पुअर' आणि 'हेल्प' एवढेच शब्द येतात. ज्यांच्यावर प्रश्न गुदरला ते स्वतः काय करत आहेत हे मजकुरात असायलाच हवे. तसे केले की कर्त्याच्या जागी तीच माणसे येतात, आणि 'दे ऑर्गनाइज्ड', 'दे रिफ्यूज्ड', 'दे बिल्ट' अशी जिवंत क्रियापदे वहीत उतरतात.

दुसरा तास आणि गुण

दुसऱ्या तासाला एखादी लहानशी कृती ठेवा. पाच प्रश्नांची पाहणी बनवून प्रत्येकाने दहा जणांना विचारावे आणि निष्कर्ष इंग्रजीत सांगावा. दहा जणांच्या पाहणीत टक्केवारी काढू देऊ नका. 'सेव्हन आउट ऑफ टेन पीपल सेड दॅट...' हे खरेही आहे आणि रिपोर्टेड स्पीचचा सरावही आहे. किंवा १२० ते १५० शब्दांचे औपचारिक पत्र: एक प्रश्न, एक पुरावा, एक मागणी. मागणी एकापेक्षा जास्त झाली की पत्र यादी होऊन बसते.

गुण देताना मताला शून्य गुण ठेवा आणि हे आधीच जाहीर करा. दहापैकी ४ गुण शब्द आणि रचना यांना, ३ कारण आणि आधार यांना, ३ दुसऱ्याचे म्हणणे ऐकून त्याला दिलेल्या उत्तराला. शिक्षकाला आवडणारे मत लिहिले की गुण मिळतात असे एकदा कळले, की सगळ्या वह्या एकसारख्या होतात. चर्चेच्या वेळी चुका मधेच सुधारू नका. कागदावर टिपा, शेवटी नावे न घेता पाच वाक्ये फळ्यावर लिहा आणि वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्या. त्या पाचांत एक-दोन उत्तम साधलेली वाक्येही असू द्यात.

तास झाला की मजकूर, चिठ्ठ्या आणि फळ्याच्या कोपऱ्यातली शब्दयादी एका पाकिटात घालून त्यावर तारीख टाका. पुढच्या वर्षी ते पाकीट दिवसाच्या तीन आठवडे आधी उघडा, म्हणजे आकडे तपासायला, जुनी झालेली माहिती बदलायला आणि त्या यादीतले शब्द यंदाच्या वर्गाला आधीपासून द्यायला वेळ मिळतो.